वाढत्या अंगाचं

बनियन या वस्त्राकडे मराठी साहित्याने फारसं लक्ष दिलेलं नाही. शालूवर लिहून झालं, पैठणीवर लिहून झालं, धोतर-टोपीचं तर अख्खं एक युग होऊन गेलं. बनियन मात्र शर्टाच्या आत राहून जन्मभर घाम टिपतो आणि त्याचा उल्लेख होतो तो फक्त ‘बाहेर कोणीतरी आलंय, अंगात काहीतरी घाला’ या वाक्यात. तोही नाव न घेता. हे वाक्य कानावर येतं तेव्हा बनियन अंगात असतोच. पण त्याला ‘काहीतरी’मध्ये धरायची आपल्या घरांत पद्धत नाही.

जगभरच्या प्रयोगशाळांनी गेली पंचवीस-तीस वर्षं नेमकं हेच वस्त्र हातात घेतलंय. कापडातच असे धागे विणायचे, की ते छातीचे ठोके मोजतील, श्वास मोजतील, अंग तापलं तर सांगतील आणि हे सगळं खिशातल्या फोनवर उमटेल. डॉक्टर ज्यांना ‘व्हायटल्स’ म्हणतात त्या नाडी, श्वास, ताप आणि रक्तदाब या चौकडीपैकी पहिल्या तिघांशी कापडाचं बऱ्यापैकी जमलंय. रक्तदाब अजून खात्रीने हाती लागत नाही. त्यासाठी दंडाला पट्टा बांधून घेणं आणि ‘आता बोलू नका’ हे ऐकून घेणं अजून चुकलेलं नाही.

निवड मला पटते. दिवसभर अंगाला लागून आहे आणि तरी आपण ज्याला साफ विसरलेलो आहोत, असं कपड्याखेरीज दुसरं काय आहे? आपल्याला मोजतायत हे कळलं की शरीर सावध होतं. डॉक्टरांसमोर बसल्याबरोबर अनेकांचा रक्तदाब चढतो आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो आपसूक उतरतो, हे वैद्यकातही मान्य आहे. पांढऱ्या कोटाचा रक्तदाब म्हणून ते प्रकरण ओळखलं जातं. मुलगी बघायला आलेल्या मंडळींसमोर जशी मुलगी खरी दिसत नसे, तसं शरीरही डॉक्टरांसमोर खरं दिसत नाही. बनियनसमोर मात्र कोणी आव आणत नाही.

तिथवर पोचायला हृदयाला बराच वळसा घालावा लागला. सुरुवातीला यंत्र हृदयाकडे येत नसे, हृदयानेच यंत्राकडे जायचं असे. लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली माणसाच्या हृदयाची विद्युत्‌लहर पहिल्यांदा टिपली, तेव्हा ती उमटवायची काच पुढे सरकवायला त्यांनी खेळण्यातली आगगाडी वापरली होती. वॉलर यांचा जिमी नावाचा एक बुलडॉग होता. मिठाच्या पाण्यात पंजे बुडवून तो शांतपणे उभा राही आणि लोक त्याच्या हृदयाचं बोलणं पडद्यावर बघत. १९०९ साली रॉयल सोसायटीत हा प्रयोग झाला आणि प्राण्याचा छळ झाला म्हणून ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेला. गृहमंत्री हर्बर्ट ग्लॅडस्टन यांनी उत्तर दिलं ते अशा अर्थाचं, की सन्माननीय सभासद कधी समुद्रात पायापुरते उतरले असतील, तर जिमीला काय वाटत होतं ते त्यांना ठाऊक असेल. संसदेत असं उत्तर द्यायला गृहमंत्री लागतो आणि असा कुत्राही लागतो.

पुढे हॉलंडमधल्या लायडनला विलेम आइन्थोव्हेन यांनी हेच काम नेटकं केलं. (हे गृहस्थ जन्मले जावा बेटावर, सेमारांगला.) १९०१ ते १९०३ च्या दरम्यान त्यांनी जे यंत्र उभं केलं ते सुमारे २७० किलोचं होतं, दोन खोल्या व्यापायचं आणि चालवायला पाच माणसं लागायची. दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवून रुग्णाने बसायचं. त्या काळचा एक फोटो प्रसिद्ध आहे: सुटातले गृहस्थ, हात काचेच्या भांड्यांत, एक पाय बादलीत, चेहऱ्यावर ‘आता कधी सोडणार’ असा भाव. सर्दी झाल्यावर गरम पाण्यात पाय सोडून बसलेल्या कोणाही मराठी माणसाला हे चित्र परकं वाटणार नाही. यंत्र रुग्णालयात नेणं शक्य नव्हतं, म्हणून १९०५ साली आइन्थोव्हेन यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने ठोके आपल्या प्रयोगशाळेत मागवले. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या बादलीचा मान राखला गेला, असं मी समजतो.

मग यंत्र माणसाच्या पाठीवर चढलं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात नॉर्मन होल्टर यांनी १९४७ च्या सुमारास चालत्याफिरत्या माणसाचे ठोके रेडिओने पाठवणारं यंत्र बनवलं. त्याचं वजन सुमारे ३८ किलो. ते पाठीला बांधून होल्टर स्वतः व्यायामाची सायकल मारत. ३८ किलोंचं ओझं घेऊन सायकल मारणाऱ्याचं हृदय काय म्हणत असेल हे कळायला वेगळ्या यंत्राची गरज नसावी. पण विज्ञानाला कागदावर लागतं. आज डॉक्टर ‘चोवीस तासांचं होल्टर लावून बघू’ म्हणतात ते याच यंत्राचं वंशज, आता तळहातावर मावणारं. त्याच्या तारा छातीला चिकटपट्ट्यांनी लावतात. त्या पट्ट्या काढताना पुरुषाच्या तोंडून जो उद्गार निघतो, त्या वेळचे ठोके मात्र नोंदवले जात नाहीत, कारण तोवर यंत्र सुटलेलं असतं.

आणि मग १९९६ मध्ये बनियन आला. अटलांटाच्या जॉर्जिया टेक या संस्थेत, अमेरिकी नौदलाच्या पैशातून, सुंदरेशन जयरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वस्त्र विणायला घेतलं. जयरामन वस्त्रतंत्र शिकले ते मद्रासला. वस्त्र सैनिकांसाठी होतं. कापडात प्रकाश वाहून नेणारे तंतू विणायचे. गोळी लागली की तंतू तुटेल, प्रकाश पुढे जाणार नाही, आणि जखम कुठे झाली ते दूर बसलेल्या डॉक्टरला कळेल. सोबत वीज वाहणारे धागे, ठोके आणि श्वास यांची खबर न्यायला. तंतू मध्येच कापला तर सगळंच मुसळ केरात, म्हणून कुठेही कातरी न लावता ते वस्त्र सलग विणत नेलं. नाव दिलं ‘वेअरेबल मदरबोर्ड’. त्याला बाह्या नव्हत्या. नाव काही का असेना, बिनबाह्यांचं, अंगालगत, शर्टाच्या आत घालायचं वस्त्र म्हणजे बनियनच. आमच्या घरी गोळी न लागताही बनियनला भोकं पडतात आणि ती कुठेकुठे आहेत हे सांगायला प्रकाशाचे तंतू लागत नाहीत. सौभाग्यवती पुरतात.

धाग्यातून नाडी कळावी ही कल्पना तशी गोष्टींना फार पूर्वीपासून माहीत आहे. पडद्याआडच्या बेगमेच्या मनगटाला दोरा बांधायचा आणि दुसरं टोक हातात धरून हकिमाने बाहेरूनच नाडी बघायची, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असते. हकिमाची परीक्षा घ्यायला कोणीतरी तो दोरा मांजराच्या पायाला बांधतं आणि हकीम डोळे मिटून सांगतो, ‘रोग्याला उंदीर खायला द्या.’ गोष्टच ती. पण तिच्यात दोरा वीज वाहणारा होता की नाही हे कोणी विचारलेलं नाही, आणि जरीचा असेल तर हकिमाची बाजू थोडी बळकट होते.

कारण जरी खरोखरच वीज वाहते. चांदीची बारीक तार काढायची, ती ठोकून चपटी करायची, रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळायची आणि वर सोन्याचा मुलामा द्यायचा, ही अस्सल जरीची कृती. चांदीइतकी सहज वीज वाहणारा दुसरा धातू नाही. १९९७ च्या सुमारास एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये रेहमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ कापडाचं सर्किट करायला निघाले, तेव्हा त्यांच्या हाती लागलं ते रेशमी ऑर्गन्झा. त्याच्या आडव्या धाग्यांना धातूचा पातळ पत्रा गुंडाळलेला आणि उभे धागे नुसते रेशमाचे. त्यामुळे वीज आडवी धावते, उभी धावत नाही आणि प्रत्येक धागा आपोआप वेगळी तार होतो. असं कापड भारतात पिढ्यानपिढ्या विणलं जात होतं. म्हणजे येवल्याची अस्सल जरीची पैठणी नेसून, पदर सावरत, मांडवभर ‘पंगत बसवा, पंगत बसवा’ करत फिरणाऱ्या आमच्या आत्याबाई अंगावर केवढी वायरिंग बाळगून होत्या! त्यांना कोणी बॅटरी जोडली नाही इतकंच. एरवीही त्यांच्या आसपास जायचं धाडस फार लोक करत नसत.

आता नायलॉनच्या धाग्यावर चांदीचा लेप देतात, पोलादाचे केसासारखे तंतू कापसात मिसळतात. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात मात्तेओ पास्क्वाली यांच्या गटाने कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा धागा केला. तो इतका बारीक होता, की शिलाई मशीनला घेता येईना. मग जहाजांच्या छोट्या प्रतिकृतींसाठी दोर वळायचं जे हौशी लोकांचं यंत्र असतं, त्याच्या मदतीने सात-सात तंतूंचे तीन पेड वळून त्यांनी मशीनला चालेल असा दोरा केला आणि २०२१ साली तो एका शर्टात शिवून ठोके मोजले. शिवला कसा? झिगझॅग. शर्ट ताणला तर दोरा तुटू नये म्हणून. हे वाचल्यावर मला आमच्या गल्लीतल्या ‘पिको-फॉल करून मिळेल’ या पाटीकडे निराळ्याच आदराने बघावंसं वाटू लागलं.

शर्टाच्या अंगातला जो मेंदू असतो, म्हणजे बॅटरी आणि रेडिओ असलेली काडेपेटीएवढी डबी, ती शर्टाला जोडतात अनेकदा टिच बटणांनी. होय, ब्लाउजला लावतात तीच. ईसीजीच्या चिकटपट्टीवरही टिच बटणच असतं, पुढच्या खेपेला बघा. मानवजातीने चिप केल्या, उपग्रह सोडले, आणि हृदयाची तार जोडायची वेळ आली तेव्हा शिंप्याच्या डबीत हात घातला.

आता अडचणीकडे येतो. ही अडचण तांत्रिक आहे असं त्या क्षेत्रातले लोक समजतात. माझ्या मते ती सांस्कृतिक आहे.

हृदयाची वीज कातडीपाशी येईस्तोवर एक मिलिव्होल्टच्या आसपास उरते. दवाखान्यात ती टिपायला जेल लावतात. कोरड्या कापडाला जेल नाही. त्याला कातडीशी घट्ट सलगी लागते. कापड जरा सरकलं, की आलेखावर हृदयाऐवजी कापडाचं सरकणं उमटतं. श्वास मोजायलाही छातीबरोबर ताणला आणि सैलावला जाणारा पट्टा लागतो, आणि जो मुळात सैलच आहे तो आणखी काय सैलावणार? तेव्हा शर्ट तंग हवा. जितका तंग तितका बरा.

आणि आम्ही ‘वाढत्या अंगाचं’ शिवून घेणारी माणसं.

जून महिन्यात शाळेच्या गणवेशाचं कापड घेऊन वडील शिंप्याकडे न्यायचे. शिंपी टेप लावायचा, आकडे कानावरच्या पेन्सिलीने वहीत लिहायचा आणि प्रत्येक आकड्याला वडिलांची दुरुस्ती असायची. ‘दोन बोटं सैल ठेवा. वाढतं अंग आहे.’ छाती सैल, बाह्या लांब, चड्डीला खाली चार बोटं दुमड. पहिल्या वर्षी त्या शर्टात मी आणि आणखी एखादा मित्र सहज मावलो असतो. दुसऱ्या वर्षी दुमड उसवायची आणि जिथे ती होती तिथे गडद रंगाची एक रेघ उरायची, वर्गातल्या सगळ्यांच्या चड्डीवर उरायची तशी. तिसऱ्या वर्षी तो शर्ट नेमका अंगाबरोबर बसायचा आणि त्याच वर्षी कोपरावर फाटायचा. म्हणजे आयुष्यात अंगाबरोबर कपडा बसण्याचा काळ सुमारे एका सहामाहीचा.

हा नुसत्या कपड्याचा मामला नव्हता. गाडी सुटायच्या तासभर आधी फलाटावर पोचणं, चार पाहुण्यांसाठी सहांचा कुकर लावणं, डब्यात एक पोळी जास्त देणं, हे सगळं वाढत्या अंगाचंच शिवणकाम. मधे हवा राहिली पाहिजे. धोतर, लेंगा, झब्बा, लुंगी आणि दुपारी साडेबारापासून सोसायटीच्या जिन्यात दिसणारा तो सर्वव्यापी गाऊन, यांतलं एकही वस्त्र कातडीला धरून नाही. अशा झब्ब्यात उत्तमोत्तम सेन्सर विणले, तर ते फार तर वाऱ्याची दिशा सांगतील.

हेही खरं, की वडिलांचा हिशेब शेवटी चुकला नाही. अंग वाढलं. फक्त उंचीची वेळ टळून गेल्यावर, पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, घेरात वाढलं, आणि तोवर तो शिंपी दुकान बंद करून गावी गेला होता.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. घाम. कोरड्या कापडाचं आणि कातडीचं जमत नाही, पण मधे घाम आला की जमतं. घामात मीठ असतं, मिठामुळे वीज सुखाने वाहते. आइन्थोव्हेन यांच्या बादलीत जे होतं तेच. थंड देशांतल्या लोकांना असले शर्ट घालण्यापूर्वी आतून पाण्याने ओले करावे लागतात. मे महिन्यात विरार लोकलमध्ये उभ्या असलेल्या माणसाला ही सूचना द्यायची गरज नाही. त्याच्या अंगावरून वाहणारा संदेश इतका स्पष्ट असेल, की शेजारच्याचाही ईसीजी त्यातच निघेल.

आमच्या भाऊजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना, त्यांच्या लेकीने टोरांटोहून असा एक शर्ट पाठवला. महागडा, काळाभोर, चकचकीत. भाऊजी निवृत्त आहेत आणि त्यांची तब्येत उत्तम आहे, फक्त ती उत्तम आहे यावर लेकीचा विश्वास नाही. पहिल्या दिवशी तो शर्ट चढवायला दोघं लागले. भाऊजी हात वर करून उभे, ताई खाली ओढतेय, आणि ‘श्वास आत घ्या’, ‘घेतला, आता सोडू का?’ असा संवाद चाललेला. सोबतच्या कागदावर पट्ट्या ओल्या करून घालायचं लिहिलं होतं. भाऊजी सोवळ्यात वाढलेले. ‘म्हणजे ओलेत्याने घालायचा,’ असं म्हणून त्यांनी ते चटकन स्वीकारलं आणि त्या दिवसापासून शर्ट आणि पूजा यांची वेळ एक झाली.

खरी मजा टोरांटोला सुरू झाली. तिकडे सकाळ होते तेव्हा इकडे संध्याकाळ, आणि त्या वेळी लेकीचा फोन यायचा. ‘बाबा, काल रात्री साडेनऊला तुमचे ठोके एवढे का वाढले?’ काल रात्री साडेनऊला सोसायटीची सर्वसाधारण सभा होती आणि विषय पार्किंगचा होता. भाऊजी सांगायचे, ‘जिना चढलो.’ ते तळमजल्यावर राहतात. श्रीखंडाची दुसरी वाटी घेतली की ते फोनकडे चोरून बघत, जणू शर्टाला गोडाचंही कळतं. शर्टाला गोडाचं कळत नाही हे मी त्यांना समजावलं आणि ताईचा रोष ओढवून घेतला. ताईला शर्ट मनापासून आवडला होता. ‘तीस वर्षं मी सांगतेय, चिडू नका. तेच आता शर्ट सांगतो, तर लगेच ऐकतात.’

एकदा भाऊजी खरंच घाबरले. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नाही, कधी जास्त, कधी कमी, असं त्यांना फोनवर दिसलं. जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाला न जुळणारा ताळा सहन होत नाही. धावत डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर हसले. म्हणाले, ‘काका, ते तसंच असायला हवं.’ श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. विश्रांतीत असलेल्या निरोगी हृदयात ही खालीवर असतेच, आणि ठोके अगदी काटेकोर एका मापात पडू लागले तर उलट चिंता करायची. भाऊजी परत आले ते खूश होऊन. मीही खूश झालो. हृदयसुद्धा दोन बोटं सैलच शिवलेलं असतं, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

तरी मला स्वतःला असला शर्ट नको. कपड्याने झाकायचं असतं या समजुतीत माझं आयुष्य गेलंय. पोट झाकायचं, ठिगळ झाकायचं, सभेत कोणी अपमान केला तर छातीत जे धडधडतं तेही झाकायचं आणि वर ‘छे, मला काही वाटलं नाही’ म्हणायचं. उद्या शर्टच म्हणाला, ‘वाटलं, चांगलंच वाटलं, मिनिटाला एकशेदहा’, तर माणसाने बोलायचं काय? पूर्वी भिंतींना कान असत. भिंतीपासून लांब उभं राहून गप्पा मारता येत. २०२२ साली एमआयटीतल्या योएल फिंक यांच्या गटाने असा एक तंतू दाखवला, की तो विणलेलं कापड आवाजाने थरथरतं आणि ती थरथर विजेत उतरते, म्हणजे कापडाचाच मायक्रोफोन होतो. तो तंतू शर्टाला छातीपाशी शिवला, तर हृदयाची लबडब ऐकू आली. आता कान थेट सदऱ्याला. आणि त्या कानाने ऐकलेलं जातं कुठे? आधी फोनमध्ये, मग कंपनीच्या संगणकावर, पुढे विमा विकणाऱ्याच्या टेबलावर जाणारच नाही याची हमी मला तरी कोणी दिलेली नाही. पूर्वी घरातली चहाडी फार तर शेजारी जायची.

माझ्यासाठी नको म्हणताना एका ठिकाणी मात्र मी हट्टाने हो म्हणेन. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांची कातडी पुरती तयार झालेली नसते. चिकटपट्टी काढताना ती सोलवटून निघू शकते. आणि ठोके तर त्यांचेच क्षणोक्षणी बघावे लागतात. हॉलंडमधल्या आइंडहोव्हेनच्या तंत्रविद्यापीठात, जवळच्या रुग्णालयातल्या नवजात कक्षातल्या डॉक्टरांना बरोबर घेऊन, अशा बाळांसाठी एक जाकीट केलं गेलं. त्यात चांदीच्या धाग्यांच्या पट्ट्या आहेत. चिकटवायचं काही नाही, बाळाला कुशीवर वळवलं तरी दुसरी पट्टी ठोके टिपते. आईने बाळ छातीशी घेतलं तरी नोंद चालू राहावी हाही त्यामागचा एक विचार. तसल्या कातडीला मऊ म्हणून आपण आजीच्या जुन्या सुती लुगड्याची दुपटी करतो, शिवण बाहेरच्या बाजूला घेऊन झबलं शिवतो. असं झबलं तंग आहे की सैल, चहाडखोर आहे की कसं, हा वाद मी तिथे घालणार नाही. ते बाळ ‘मला काही वाटलं नाही’ म्हणण्याच्या वयाचं होवो, मग बघू.

राहिला धुण्याचा प्रश्न, आणि हा प्रश्न प्रयोगशाळांना हृदयापेक्षाही अवघड गेलेला दिसतो. चांदीचा लेप पाण्याने, साबणाने, घासण्याने हळूहळू उतरतो. टिच बटणाशी धागा जिथे जोडलेला असतो तिथे तुटतो. २०१७ साली गुगल आणि लीवाइसने मिळून बाहीत वीजवाहक धागे विणलेलं एक जाकीट काढलं होतं. ते ठोके मोजायचं नव्हतं, बाहीवर बोट फिरवून फोन चालवायचं होतं. ते साधारण १० धुण्यांपर्यंत टिकेल असं तेव्हा सांगितलं गेलं. १० धुणी! आपल्याकडे १० धुण्यांनंतर कापडाची खळ जाते आणि ते घालण्याजोगं होतं. धोब्याच्या दगडाचं तर मी नावच काढत नाही.

ही अडचण आजवर एकाच ठिकाणी पूर्ण सुटली आहे, ती म्हणजे अंतराळात. कॅनडाचे अंतराळवीर डेव्हिड सेंट-जॅक २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात असाच एक शर्ट घालून वावरले. मॉन्ट्रियलच्या एका कंपनीने कॅनडाच्या अंतराळ संस्थेसाठी तो केला होता आणि तो ठोके, श्वास, तापमान अशी सगळी खबर देत होता. त्या स्थानकात कपडे धुवायची सोयच नाही. पाणी तिथे फार मोलाचं. कपडे मळले की कचऱ्याबरोबर मालवाहू यानात भरतात आणि ते यान पृथ्वीच्या वातावरणात शिरताना जळून जातं. एवढ्या इतमामाने आपल्याकडे मळके कपडे जात नाहीत.

भाऊजींच्या शर्टाला पावसाळा बाधला. तो नीट वाळेना, मग एका रविवारी बाईंनी इतर कपड्यांबरोबर पावडर टाकून खसाखसा घासला, आणि त्यानंतर तो टोरांटोला काहीही कळवेनासा झाला. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, नवा घ्या. लेक दुसरा पाठवते म्हणाली. भाऊजींनी ‘राहू दे गं, मी आता चिडत नाही’ असं सांगितलं आणि ताई स्वयंपाकघरातून मोठ्याने हसली. एकदोन महिने शर्ट कपाटात पडून होता. मग दिवाळीच्या आवराआवरीत बोहारीण आली. ताईने तीन साड्या आणि दोन पँटी काढल्या, वर हा शर्ट ठेवला आणि स्टीलच्या मोठ्या डब्याकडे बोट दाखवलं.

बोहारणीने शर्ट उचलला, दोन्ही हातांनी ताणून बघितला, टिच बटणं खालीवर केली.

‘यात चांदी आहे बरं का,’ ताई म्हणाली. ‘परदेशातला आहे. हृदयाचे ठोके मोजतो.’

‘आता मोजतो का?’

‘आता नाही मोजत.’

बोहारणीने शर्टाची घडी घालून तो ताईच्या बाजूला सरकवला. ‘साड्यांवर हा छोटा डबा देते, ताई. आणि बनियन आम्ही घेत नाही.’